अर्ज तरी घ्या: अर्धं काम जमणाऱ्यांच्या बेरोजगार भत्त्याबद्दल खुलं पत्र

प्रति,
मा. सचिव, रोजगार हमी योजना विभाग
मा. सचिव, कामगार विभाग
मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग
महाराष्ट्र शासन, मुंबई

स. न. वि. वि.

तिघांना मिळून एकच पत्र लिहितेय, त्याला कारण आहे. ज्या माणसांबद्दल बोलायचंय ती तुमच्यापैकी नक्की कोणाच्या खात्यात मोडतात, हे मला आजवर एकाही टेबलावर कळलेलं नाही. रोहयोच्या टेबलावर सांगतात, हे दिव्यांग कल्याणचं. दिव्यांगच्या टेबलावर अपंगत्वाचे टक्के विचारतात आणि टक्के कमी भरले की कामगार खात्याकडे बोट दाखवतात. कामगार खात्याचा पहिला प्रश्न असतो, विमा क्रमांक आहे का? तो नसतो.

मी देवगड तालुक्यात समुद्राकाठच्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, आंब्याच्या विम्याचे अर्ज हे रोजचं. अर्ज भरायला आलेला माणूस अर्जात ज्याला रकाना नाही असंही बरंच सांगून जातो. या पत्रातलं बहुतेक सगळं त्या रकान्याबाहेरचं आहे.

ही माणसं पूर्ण धडधाकट नाहीत आणि सरकारी मापाने दिव्यांगही नाहीत. कुणाच्या मणक्याची गादी सरकलीय, कुणाचे गुडघे गेलेत, कुणाचा अंगठा गेलाय, कुणाला स्टेंट बसवल्यावर डॉक्टरांनी ‘जड उचलू नये’ असं लिहून दिलंय. काम करायची इच्छा आहे आणि काही कामं नीट जमतातही. पण जे जमतं ते मिळत नाही आणि जे मिळतं ते जमत नाही. अशा वेळी हात रिकामे राहिले तर भत्ता मिळावा, यासाठी या राज्यात आणि देशात कायदे आहेत. एक नाही, तीन-चार आहेत. त्यातल्या प्रत्येकाच्या उंबऱ्यावर हा माणूस अडतो.

आमच्याकडचे एक गृहस्थ उमेदीची सगळी वर्षं चिरेखाणीवर ट्रक भरायला जायचे. जांभ्याचा चिरा आता यंत्राने कापतात, पण ट्रकात चढतो तो माणसाच्या कमरेवरच. बोटं सोलटू नयेत म्हणून सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधायचे, एकाने खालून द्यायचा, दुसऱ्याने वरून घ्यायचा, दिवसभर. एक दिवस वाकले ते तसेच राहिले. मणक्याची गादी सरकलेली. डॉक्टरांनी वजन उचलणं बंद सांगितलं. दोन-तीन महिने झोपून काढल्यावर ते ग्रामपंचायतीत काम मागायला गेले. तिथल्या माणसाने, तो मनाने वाईट नाही, आपुलकीनेच सांगितलं, “चर खणायचं काम आहे, तुम्हाला नाही झेपणार. कशाला अर्ज करता?” अर्ज घेतलाच नाही. मग संजय गांधी निराधारसाठी विचारलं, तर तिथे ४० टक्क्यांचा दाखला लागतो. यांच्या कागदावर तेवढे टक्के कुठून येणार? चालता येतं, बसता येतं, हातपाय हलतात.

माझ्याकडे येऊन बाकावर बसले आणि म्हणाले, “वयनी, पेन्शनीक गेलंय तर म्हणतत तू धडधाकट आसस. कामाक गेलंय तर म्हणतत तुका झेपाचा नाय. मगे मी खंयच्या खात्यात बसतंय?”

सचिवसाहेब, उत्तर तुम्हीच द्यायचंय. मला देता आलं नाही.

आता रोहयोच्या सचिवांसाठी जरा सविस्तर लिहिते, कारण खरी गोम तिथे आहे. रोजगार हमी ही महाराष्ट्राची देशाला दिलेली देणगी, हे आपण भाषणात नेहमी सांगतो. वि. स. पागे यांची कल्पना, १९७७ चा राज्याचा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. काम मागितल्यावर १५ दिवसांत मिळालं नाही तर बेरोजगार भत्ता, हे तत्त्व तेव्हापासूनचं आहे. केंद्राच्या २००५ च्या कायद्याने तेच देशभर नेलं: पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव हिश्शाइतका भत्ता, पुढे किमान निम्मा. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्राचा दर ३१२ रुपये होता. म्हणजे आधी रोज ७८ रुपये, नंतर १५६. एखाद्या कुटुंबाला वर्षाच्या हमीच्या शंभर दिवसांतला एकही दिवस काम दिलं नाही, तर वर्षाचा भत्ता होतो १३,२६० रुपये. डोळे दिपावेत अशी रक्कम नाही. पण ज्याच्या घरात भाताच्या दोन खंड्या आणि मुंबईहून भावाने अधूनमधून पाठवलेले पैसे एवढीच आवक आहे, त्याच्यासाठी तो पावसाळ्याचा किराणा आहे.

हा भत्ता कधी मिळतो? पंधरा दिवस उलटले तर. पंधरा दिवस कधीपासून मोजायचे? अर्जाच्या तारखेपासून. तारीख कशावर असते? पोचपावतीवर. आणि पोच कधी मिळते? अर्ज घेतला तर. “तुम्हाला झेपणार नाही” एवढं प्रेमाने म्हटलं की ही सगळी साखळी पहिल्याच कडीला तुटते. संगणकावर मागणीच नाही, म्हणून बेरोजगारही नाही. वर्षअखेरीस तालुक्याच्या अहवालात भत्त्यापुढे शून्य येतं आणि ते शून्य चांगल्या कामाचं प्रमाणपत्र म्हणून वाचलं जातं. आमच्या पट्ट्यात हा भत्ता हातात पडलेला एकही माणूस मला अजून भेटलेला नाही.

कायद्याने मजुराकडे काय मागितलं होतं? कुटुंबातल्या प्रौढ माणसाने अकुशल अंगमेहनतीचं काम करायची तयारी दाखवावी. तयारी विचारली आहे. त्याची तब्येत तपासून अर्ज घ्यायचा की नाही ते ठरवा, असं ग्रामपंचायतीला कुठेही सांगितलेलं नाही. उलट त्याच कायद्याच्या परिशिष्टात स्त्रिया, वृद्ध, दिव्यांग आणि अंगातली ताकद घालवणारे आजार असलेली माणसं, अशा सगळ्यांसाठी कामाचे वेगळे दर ठरवा असं लिहिलं होतं. आजारांची माणसंसुद्धा, बरं का. म्हणजे चाळीस टक्क्यांच्या खालची, दाखल्याशिवायची ही माणसं दिल्लीत कायदा लिहिणाऱ्यांना दिसली होती. गावात येईपर्यंत कुठेतरी वाटेत सांडली.

वेगळे दर का महत्त्वाचे ते सांगते. हजेरी लागली म्हणजे पूर्ण मजुरी मिळाली असं नसतं, खणलेल्या मातीचं मोजमाप होतं. टोळीत एक हळू काम करणारा असला की सगळ्यांची मजुरी खाली येते. मग टोळीवालेच म्हणतात, याला नको घेऊ. त्यांना दोष कसा द्यायचा? त्यांच्याही घरी चूल आहे.

बसून किंवा उभ्याने, वजन न उचलता करायची कामं नाहीत, असं मला कुणी सांगू नये. १९९० पासून रोहयोतूनच फळबाग लागवड झाली, त्यावर कोकणातले कातळ हिरवे झाले. हापूस आणि काजूची ती सगळी कलमं कुठल्या तरी रोपवाटिकेत, कुणीतरी बसून बांधली होती. पिशव्या भरणं, कलम बांधणं, पाणी घालणं, नोंद ठेवणं. कामावर पाणी वाटणं आहे. मजूर बायकांची लहान पोरं सांभाळणं आहे, आणि ते तर २००५ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं काम होतं, त्याला पूर्ण मजुरी होती. आमच्या चिरेखाणीवाल्या गृहस्थांचा हात कलम बांधण्यात इतका सफाईदार आहे की शेजारपाजारचे लोक त्यांना बोलावून नेतात. चहा देतात, कधी शंभराची नोट. पण तालुक्याच्या आराखड्यात रोपवाटिका नसेल आणि चर खणणं तेवढंच असेल, तर हा कसबी माणूस कागदावर ‘काम न जमणारा’ ठरतो.

बाहेरच्याला वाटतं, कोकणात काम म्हणजे आंब्याच्या झाडाखाली गारव्याला बसणं. इथे घाटी चढल्याशिवाय बागेत जाता येत नाही आणि उतरल्याशिवाय जेटीवर. आंबा काढायचा तर घळ घेऊन मान वर करून दिवसभर उभं राहायचं, पेटी भरली की ती डोक्यावर घेऊन रस्त्याला आणायची. लावणीला कमरेत वाकून चिखलात. जेटीवर मासळीच्या टोपल्या. काजूच्या कारखान्यात बी फोडायचं यंत्र पायाने दाबायचं असतं, टरफलाच्या तेलाने हात काळे होतात, सालं निघतात. बायका हाताला राख नाहीतर खोबरेल लावून बसतात. माझ्याकडे येणारी एक वहिनी हे यंत्र चालवायची. गुडघा सुजायला लागल्यावर मालकाने सोलायच्या कामाला बसवलं, तिथे किलोवर पैसे, मिळकत निम्म्यावर आली. पुढे तेही बंद झालं. तिला कुणी कामावरून काढलं का? नाही. नुसतं “उद्यापासून नको येऊस” म्हटलं. कामावर घेतल्याचाच कागद नव्हता, तर काढल्याचा कुठून असणार?

टक्क्यांचं कोडंही बघा. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या परिशिष्टात एक तक्ता होता, आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत आलाय. हाताचा अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरायचं. एका हाताची तीन बोटं गेली तरी ३०. चारही गेली तर ५०. तक्ता शंभर वर्षांचा झाला, त्याबद्दल तक्रार नाही, भरपाई मोजायला कुठलं तरी माप लागतंच. पण ट्रॉलरवरच्या खलाशाचा उजवा अंगठा विंचमध्ये गेला, तर ओला दोर त्या हातात पुन्हा कधी धरला जाईल का? मालकाने दवाखान्याचा खर्च केला, ते मी नाकारत नाही. नोंदणी केलेल्या मच्छीमाराला अपघात विम्यात कायमच्या अंशतः अपंगत्वाचे अडीच लाख आहेत, तेही खरं. ते एकदा मिळतात, मिळाले तर. पुढच्या ऑगस्टला बंदी उठून होड्या बाहेर पडतात तेव्हा या माणसाला होडीवरचा म्होरक्या, तांडेल, घेत नाही, आणि त्याच्या रिकाम्या दिवसांसाठी कुठल्याच कायद्यात पै नाही. तीस टक्के म्हणजे चाळीसच्या आत. चाळीसच्या आत म्हणजे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या बहुतेक लाभांच्या बाहेर, संजय गांधीच्या बाहेर. दिव्यांगांचं अनुदान तुम्ही २०२५ मध्ये १५०० वरून २५०० रुपये केलंत. चांगलं केलंत, माझ्या केंद्रात त्या दिवशी पेढे वाटले गेले. पण ३८ टक्केवाल्याला त्यातला एक रुपया नाही आणि ४१ टक्केवाल्याला सगळे २५००. तीन टक्क्यांची ही दरी ओलांडायला लोक काय काय करतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

आता कामगार विभाग. कामगारांची राज्य विमा योजना (ईएसआय) केंद्राची आहे हे मला ठाऊक आहे, तरी राज्याचं म्हणणं तिथे ऐकलं जातं म्हणून सांगते. विम्याखालच्या कामगाराला बेरोजगार भत्त्याच्या दोन वाटा आहेत. २००५ पासूनची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना: कारखाना बंद पडला, कपात झाली, किंवा कामाबाहेरच्या अपघाताने किमान ४० टक्के कायमचं अपंगत्व आलं, तर पहिलं वर्ष निम्मा पगार आणि दुसरं वर्ष पाव. दुसरी २०१८ पासूनची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना: सरासरी कमाईच्या निम्मी रक्कम, ९० दिवसांपर्यंत, आयुष्यात एकूण एवढेच दिवस. अपघातवाल्याला पहिल्या वाटेवर तोच चाळिसाचा आकडा आडवा येतो. महामार्गावर दुचाकी घसरून घोटा मोडलेला एक मुलगा आहे, औद्योगिक वसाहतीत कामाला होता. सगळा वेळ उभ्याचं काम. तीन तास उभा राहिला की पाय सुजतो. दाखल्यावर टक्के चाळीसच्या आत. कंपनीने, नाव घेत नाही, बसायचं काम दिलं नाही, आणि एके दिवशी ‘घरगुती कारणासाठी’ राजीनामा लिहून घेतला. आता तो कुठल्याही भत्त्याच्या अर्जात स्वतःहून नोकरी सोडलेला माणूस. तो कागद खोडून काढायचा तर वकील लावायचा, आणि वकिलाला द्यायला पगार हवा.

शरीर साथ देत नाही म्हणून सुटलेली नोकरी ही स्वेच्छेने सोडलेली नोकरी धरू नये, एवढं साधं कलम कुठल्याच योजनेच्या अटीत का नसावं?

दिव्यांग कल्याणच्या सचिवांना मात्र एकच प्रश्न आहे, पण तो लेखी उत्तर हवंय असा. २०१६ च्या कायद्याचं कलम २४ सामाजिक सुरक्षेचं आहे. त्यात लिहिलंय की विशेष रोजगार केंद्रात दोन वर्षांहून जास्त काळ नाव नोंदवूनही ज्यांना काम मिळालं नाही, अशा दिव्यांगांना बेरोजगार भत्ता द्यावा. ही कल्पना नवीही नाही, १९९५ च्या जुन्या कायद्यात होतीच. राज्याच्या आर्थिक कुवतीनुसार द्यावा, अशी पळवाटही त्यात आहे, ती मी वाचली आहे. तर महाराष्ट्रात हा भत्ता कोणत्या शासन निर्णयाने मिळतो? मुलं राज्याच्या महास्वयम या रोजगार पोर्टलवर नाव नोंदवतात, मीच नोंदवून देते. ती नोंदणी या कलमासाठी धरणार का? धरणार असाल तर सिंधुदुर्गातल्या किती जणांची दोन वर्षं केव्हाच उलटून गेलीत, ते तुमच्याच संगणकात बघता येईल. दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढणारं हे देशातलं पहिलं राज्य, असं २०२२ मध्ये आम्ही अभिमानाने वाचलं होतं. त्या विभागाला हे उत्तर अवघड जाऊ नये.

आता तुमच्या मनात काय आलं असेल तेही ओळखते. अट सैल केली की बोगस लोक घुसतील. घुसतील थोडे, खोटं कशाला बोलू. पण बोगस माणूस आजही घुसतोच, त्याच्याकडे ओळख आहे, गाडी आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी चार फेऱ्या मारायची ऐपत आहे. कडक अटीने अडतो तो पहाटेची एसटी पकडून अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाच्या ठरलेल्या वारी पोचणारा आणि “आज हाडांचे डॉक्टर नाहीत” ऐकून परतणारा. शिवाय कामाची मागणी करून दिवसभर नर्सरीत पिशव्या भरायला कोण बोगस येणार? काम हीच सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. पागेंच्या योजनेचं मर्मच ते होतं.

म्हणून माझं मागणं पैशापासून सुरू होत नाही, कागदापासून होतं. ज्याला काम हवंय त्याचा अर्ज घ्यायचा, त्याच्याकडे बघून अंदाज बांधायचा नाही. नाकारायचाच असेल तर नाकारल्याचं कारण सहीशिक्क्यानिशी लेखी द्यायचं. त्या कागदाच्या तारखेपासून भत्त्याचे पंधरा दिवस मोजायचे. आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना एक पानी नमुना द्या, ज्यात टक्के नसतील. किती किलो उचलता येतं, किती वेळ उभं राहता येतं, वाकता येतं का, हातात पकड आहे का, हे एवढंच. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, पाच मिनिटांचं काम आहे. हा नमुना रोहयोत चालावा, कारखान्यात चालावा आणि भत्त्याच्या अर्जातही चालावा. तीन खात्यांना एक कागद पुरला तर आमच्या लोकांच्या निम्म्या फेऱ्या वाचतील.

घाई एका कारणासाठी आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रोजगार हमीचा नवा कायदा मंजूर केला, शंभराचे सव्वाशे दिवस झाले, बेरोजगार भत्ता त्यातही आहे, आणि राज्यांना आपापली योजना नव्याने लिहायची आहे. लिहिताना या माणसांचे दर, त्यांची कामं आणि त्यांचा अर्ज घेण्याची सक्ती त्यात पहिल्यापासून घाला. एकदा योजना छापली गेली की मग दुरुस्तीसाठी आम्ही पुढची दहा वर्षं निवेदनं देत बसणार, आणि ती आवक-जावक क्रमांक पडून कुठल्या कपाटात जातात ते सगळ्यांनाच माहीत आहे.

योजना पूर्ण व्हायला वेळ लागणार असेल तर तोवर अर्ज आणि लेखी नकाराचं परिपत्रक तेवढं काढा, त्याला पैसे लागत नाहीत. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी ते ग्रामपंचायतीत पोचलं पाहिजे. आल्यावर त्याची प्रत मी केंद्राच्या दारावर चिकटवीन आणि चिरेखाणीवाल्यांचा अर्ज त्याच दिवशी भरीन.

आपली,
एक सेवा केंद्र चालक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग